निवाड्याच्या हयातीचा दाखला

इतवारीच्या ठोक बाजारात रोकड नेहमीच थोडी आणि उधारी नेहमीच फार असते, हे सराफा ओळीतल्या जुन्या पेढीपासून मस्कासाथेतल्या किराण्याच्या गाळ्यापर्यंत कोणीही सांगेल. आणि ती उधारी गोंदिया, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा अशा चहूकडच्या चिल्लर दुकानदारांच्या शब्दावर, पूर्वी हुंडीच्या आणि पुढे धनादेशाच्या आधाराने, हंगामामागून हंगाम चालत आलेली आहे. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय झाल्यापासून किरकोळ रकमांचा व्यवहार पालटला असला, तरी लाखांच्या घरातला माल उचलताना पुढच्या तारखेचा चेक लिहून देण्याचा रिवाज काही मोडलेला नाही. असा एखादा चेक ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ हा शेरा घेऊन बँकेतून परत आला, म्हणजे गादीवरचे शेठजी प्रथम फोन करतात, मग मुनीमजींना गोंदियाच्या गाडीत बसवून देतात, आणि या दोन्ही उपायांनी वसुली झाली नाही म्हणजे नाइलाजाने सिव्हिल लाइन्समधल्या वकिलाचा जिना चढतात.

वकिलाच्या टेबलावर तो चेक, बँकेचा मेमो आणि खतावणीचा उतारा ठेवून ते जो प्रश्न विचारतात तो अगदी साधा असतो. चेक गोंदियाच्या बँकेवरचा आहे, भरला आहे इतवारीतल्या आपल्या खात्यात. तर फिर्याद नागपुरात लावायची की गोंदियाला? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढण्याची आणि ते न्यायाधीशासमोर लेखी मांडण्याची विद्या आपल्या विधी महाविद्यालयांत कशी शिकविली जाते, किंवा अधिक खरे बोलायचे तर कशी शिकविली जावयास हवी, याचा विचार करण्यासाठी याहून सोयीचे उदाहरण मला सुचत नाही.

परक्राम्य संलेखांचा कायदा १८८१ सालचा. परंतु चेक न वटणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला तो त्या कायद्यात कलम १३८ घातले गेल्यावर, म्हणजे १ एप्रिल १९८९ पासून. त्यापूर्वीची शंभराहून अधिक वर्षे न वटलेल्या चेकवर मुख्यतः दिवाणी दावाच लावावा लागे. आता हे कलम वाचून विद्यार्थ्याला गुन्हा समजतो, पण न्यायालय समजत नाही. कारण चेक एका गावी लिहिलेला, दुसऱ्या गावी भरलेला आणि पहिल्याच किंवा एखाद्या तिसऱ्या गावी नाकारलेला असताना गुन्हा नेमका घडला कोठे, याबाबत ते कलम मौन धरून बसते. मग विद्यार्थी निवाड्यांकडे वळतो, आणि त्याला १९९९ सालचा के. भास्करन विरुद्ध शंकरन वैद्यन बालन हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा सापडतो. चेक लिहिणे, तो बँकेपुढे ठेवणे, बँकेने तो परत करणे, लेखी नोटीस देणे आणि मुदतीत रक्कम न देणे, अशा पाच क्रियांनी हा गुन्हा पूर्ण होतो आणि त्यांपैकी कोणतीही क्रिया ज्या ठिकाणी घडली तेथील न्यायालयात फिर्याद चालू शकते, असा त्याचा आशय. विद्यार्थी ‘नागपूर’ असे उत्तर लिहून मोकळा होतो.

त्याच वर्गातील अधिक चिकाटीची एखादी विद्यार्थिनी तेथे न थांबता पुढे शोधत जाते, तेव्हा तिला १ ऑगस्ट २०१४ चा दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निवाडा भेटतो. त्यात भास्करनचा नियम बाजूला सारून, ज्या बँकेवर चेक काढलेला आहे ती बँक ज्या ठिकाणी आहे तेथेच फिर्याद लावली पाहिजे, असे ठरविलेले आहे. तिचे उत्तर ‘गोंदिया’. आणि तिसरा एखादा, ज्याला शिक्षकांनी निवाड्यानंतर पुन्हा मूळ कायदा उघडण्याची खोड लावलेली आहे, त्याला असे आढळते की १५ जून २०१५ रोजी निघालेल्या अध्यादेशाने, आणि त्यामागून आलेल्या दुरुस्ती अधिनियमाने, कलम १४२ मध्ये नवे पोटकलम घालून तो २०१४ चा नियमच फिरविला. चेक खात्यामार्फत वसुलीसाठी भरलेला असेल तर घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयास अधिकार दिला. याचेही उत्तर ‘नागपूर’च.

पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर एकच असल्यामुळे परीक्षेत दोघांनाही सारखे गुण मिळण्याचा धोका आहे, आणि आपल्या विधिशिक्षणाचा सारा दोष मला या एका शक्यतेत साठलेला दिसतो. पहिल्या विद्यार्थ्याचे उत्तर दैवयोगाने बरोबर आले. विरुद्ध बाजूच्या वकिलाने उभे राहून दशरथ राठोडचे नाव घेताच त्याच्या पायांखालची जमीन सरकेल, कारण आपण ज्या पायरीवर उभे आहोत ती मध्यंतरी काढून घेतली गेली होती आणि नंतर निराळ्या हातांनी पुन्हा बसविली गेली, याचा त्याला पत्ताच नाही. उत्तरापेक्षा उत्तरापर्यंत जाण्याची वाट मोलाची मानणारे विषय विद्यापीठात पुष्कळ आहेत. कायद्यात मात्र या वाटेचीच मजुरी मिळते, आणि तरीही वर्गात शिकविली जातात ती उत्तरे.

निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धास दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो न आल्यास पूर्वीच्या तीस वर्षांच्या चाकरीचा काही उपयोग होत नाही. निवाड्याचेही तसेच आहे. तो किती थोर न्यायमूर्तींनी दिला, किती पाने लांब आहे, किती पाठ्यपुस्तकांतून उद्धृत झाला, या साऱ्या चौकशा नंतरच्या. आज तो हयात आहे काय, ही पहिली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ मध्ये याच गरजेवर एक धंदा उभारला. कोणता निवाडा पुढे कोणत्या निवाड्यात अनुसरला गेला, कोणत्यात नाकारला गेला, याची टाचणे तो गोंद लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून विकी आणि वकील त्या चिठ्ठ्या आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवीत. त्याचे आडनाव तेथील वकिली बोलीत क्रियापद होऊन बसले. आपल्याकडे असा कोणी शेपर्ड झाला नाही, आणि निवाडे मरतात हे आपल्याला कधीकधी फार उशिरा कळते, किंवा कळूनही पुस्तकी शिक्षणात उतरत नाही. आणीबाणीत नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही असे सांगणारा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर या प्रकरणातला १९७६ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला तो २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या पुट्टस्वामी प्रकरणात. मधल्या एक्केचाळीस वर्षांत तो निवाडा औपचारिकदृष्ट्या मेलेला नव्हता. एवढे एक उदाहरण नीट उलगडून दाखविले, तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘छापलेले आहे’ आणि ‘लागू आहे’ यांतले अंतर कायमचे उमजते.

हे सारे नागपुरात बसून लिहिण्यात एक औचित्य आहे, आणि थोडा विषादही. भारतातल्या कोणत्याही न्यायालयात, अगदी तालुक्याच्या ठिकाणच्या बाररूममध्येसुद्धा, ज्या ग्रंथमालेच्या जाड खंडांची ओळ भिंतीशी उभी दिसते, ती ऑल इंडिया रिपोर्टर ही मालिका मुळात नागपूरची. व्ही. व्ही. चितळे या वकिलांनी आपल्या व्यवसायात जाणवलेल्या अडचणीतून १९२२ मध्ये ती सुरू केली आणि तिच्या खंडांची गणना मात्र १९१४ पासून होते. अडचण अशी होती की १८७५ च्या कायद्यान्वये निघणारे सरकारी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ हे प्रत्येक उच्च न्यायालयाचे वेगळे, निवडक आणि संथ गतीने निघणारे. मुंबईचा निर्णय नागपूरच्या वकिलाच्या हाती पडेतो त्याच्या अशिलाचे अपील निकालात निघालेले असावयाचे. साऱ्या हिंदुस्थानातल्या उच्च न्यायालयांचे आणि प्रिव्ही कौन्सिलचे निर्णय एकाच छापखान्यातून, एका विषयसूचीखाली, महिन्याच्या महिन्याला पोहोचविण्याची ही कल्पना त्या काळच्या टपालखात्याच्या आणि खिळे जुळविणाऱ्यांच्या भरवशावर अमलात आली, आणि काँग्रेसनगरातील त्या कचेरीचे संक्षिप्त नाव ‘एआयआर’ हे कायद्याच्या भाषेतले सर्वांत परिचित अक्षरत्रय झाले. चितळे आणि राव यांची दिवाणी प्रक्रिया संहितेवरील टीका हीही त्याच परंपरेतली. जुन्या वकिलांच्या तोंडी ‘चितळे काय म्हणतो ते पाहा’ असा एकेरी परंतु अत्यंत आदराचा उल्लेख येई.

ही अक्षरे व आकडे वाचावयास शिकणे हा या विद्येचा श्रीगणेशा. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असे लिहिलेले असले म्हणजे १९७३ सालच्या खंडाच्या सर्वोच्च न्यायालय विभागात १४६१ व्या पानावर केशवानंद भारती खटल्याचा निवाडा सुरू होतो. आणि ‘एससी’च्या जागी ‘नाग’ असे असेल तर तो जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचा. हे न्यायालय १९३६ च्या जानेवारीत स्थापन झाले, त्याची हेन्री मेड यांनी रेखाटलेली वाळूच्या दगडाची इमारत १९४० मध्ये खुली झाली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेल्यावर तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. तेव्हा नागपूर उच्च न्यायालयाचा जुना निवाडा आज कोणावर बंधनकारक आणि कोणासाठी केवळ विचारार्ह, हा प्रश्न विचारला की वर्गात राज्यपुनर्रचनेचा अर्धा इतिहास आपोआप शिकवून होतो.

निवाड्याच्या मस्तकी जे टिपण छापलेले असते, ज्याला सर्वजण हेडनोट म्हणतात, ते न्यायमूर्तींचे नसून संपादकाचे असते ही गोष्ट विद्यार्थ्याला जितक्या लवकर सांगावी तितके बरे. कारण आमच्याकडील बहुसंख्य मुले, आणि नाव न घेता सांगावयाचे तर काही वकीलसाहेबही, निवाडा म्हणून जे वाचतात ते हे टिपणच असते. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. परंतु घोषित केलेला कायदा म्हणजे निवाड्यात आलेले प्रत्येक वाक्य नव्हे. ज्या तत्त्वावाचून त्या खटल्याचा निकाल तसा लागलाच नसता, तेवढे तत्त्व बंधनकारक; बाकीचे न्यायमूर्तींचे प्रासंगिक भाष्य. हे तत्त्व वेगळे काढणे शिकविण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे साठ पानांचा निवाडा एका पानात लिहून घेणे. घटना काय घडली, प्रश्न कोणता होता, उत्तर काय दिले आणि का, एवढेच. पहिल्या खेपेस मुले घटनेवरच तीन पाने खर्च करतात, ‘माननीय’ हा शब्द प्रत्येक ओळीत घालतात, आणि कारण लिहावयाची वेळ आली की ‘वरील चर्चेवरून असे दिसून येते की’ या वाक्याची ढाल पुढे करतात.

या कामी त्यांच्यासमोर ठेवण्याजोगा एक आदर्श नागपूरच्याच मातीतला आहे. विद्यापीठाची स्थापना १९२३ ची आणि त्याच्या विधी महाविद्यालयाची १९२५ ची. आज हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते आणि अमरावती रस्त्यावरचा चौक तर सरळ लॉ कॉलेज चौक याच नावाने. या महाविद्यालयाच्या प्रारंभीच्या काळात प्राचार्यपदी होते व्हिव्हियन बोस, जे पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आणि १९३५ ते १९४३ या काळात येथे अध्यापन करीत होते मोहम्मद हिदायतुल्ला, जे १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. बोस यांची निवाडे लिहिण्याची शैली हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आखूड वाक्ये, रोखठोक शब्द, आणि ज्या सामान्य माणसाचा खटला आहे तो डोळ्यांआड होऊ न देण्याची दक्षता. (माझ्यासारख्या लांबलचक वाक्ये लिहिणाऱ्याने ही शिफारस करावी यात विसंगती आहे, हे मला मान्य आहे, पण मासिकातल्या लेखावर कोणाची सुटका अवलंबून नसते.)

त्यांचा १९५१ सालचा हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निवाडा मी प्रत्येक विधी महाविद्यालयात पहिल्याच महिन्यात वाचावयास लावीन. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ च्या डिसेंबरात अफूसंबंधी एक कायदा ठराव करून संमत केला, परंतु तो राजपत्रात किंवा अन्यत्र कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या इसमास पन्नास रुपये दंड झाला. पन्नास रुपयांचा हा मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बोस यांनी असा निर्णय दिला, की जो कायदा लोकांना कळू शकेल अशा रीतीने जाहीरच झालेला नाही तो त्यांच्यावर बजावता येत नाही. निवाडा आटोपशीर आहे, त्यातला प्रश्न एक आहे, त्याचे उत्तर एक आहे. म्हणून सारांश लिहिण्याच्या पहिल्या धड्यास तो उत्तम. शिवाय त्यात या सगळ्या विद्येचे मूळ आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही असे राज्य ज्या क्षणी म्हणते, त्या क्षणी कायदा शोधता येण्याजोगा ठेवण्याचे दायित्वही त्याच्यावर येते.

हे दायित्व हल्ली पूर्वीपेक्षा बरे पार पाडले जाते, हे कबूल केले पाहिजे. केंद्राचे कायदे दुरुस्त्यांसह इंडिया कोडच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपल्या अधिकृत निवाड्यांचा संग्रह सर्वांना खुला केला आहे. पूर्वी जे शोधण्यास बाररूममधली शिडी, डायजेस्टचे पाच खंड आणि एक अख्खी दुपार लागे, ते आता इतवारीतल्या चहाच्या टपरीवर उभ्याने सापडते. परंतु सापडणे सोपे झाल्याने पारखणे सोपे झाले असा कोणाचा समज असेल, तर त्याने न्यूयॉर्कमधील माटा विरुद्ध एव्हियांका हे २०२३ चे प्रकरण पाहावे. तेथे वकिलांनी संगणकीय संभाषकाकडून मिळालेले निवाडे निवेदनात उद्धृत केले, आणि विरुद्ध पक्षास व न्यायाधीशास ते कोठेच आढळेनात, कारण ते कधी दिलेच गेले नव्हते. न्यायालयाने पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावला. खोटा दस्त पूर्वीही होता. तो बनविणाऱ्याला निदान आपण तो बनवीत आहोत हे माहीत असे.

आपल्याकडे तर यात एक नवीच भर पडली आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा या तिघांची जागा भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८ झाले. शेठजींच्या खतावणीचेच पाहा. नेमाने ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य आहे, पण तेवढ्या एकट्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हा नियम पूर्वी कलम ३४ मध्ये होता, तो आता कलम २८ मध्ये आहे. जुन्या कलमावरचे शेकडो निवाडे नव्या कलमाला कितपत लागू पडतात, हे दोन्ही मजकूर शब्दाशी शब्द लावून वाचल्याखेरीज सांगता येत नाही, आणि असे वाचावयास लावणारा शिक्षक ज्यांना लाभला त्या मुलांना पुढील वीस वर्षे अशिलांची वाण पडू नये.

आता लेखनाकडे. फिर्यादीपूर्वी नोटीस द्यावी लागते. चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत ती द्यावयाची, मग पैसे देण्यास पंधरा दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात फिर्याद. (जुन्या गाइडांत ही पहिली मुदत पंधरा दिवसांची सापडते, ती २००३ मध्ये तीस झाली.) समजा चेक अडीच लाखांचा आहे, पण जुन्या उधारीसह एकूण येणे तीन लाख ऐंशी हजार. विद्यार्थी मोठ्या आवेशाने मसुदा करतो: ‘तरी आमच्या अशिलाचे एकूण घेणे बाकी रुपये ३,८०,०००/- ताबडतोब व्याजासह अदा करावे, अन्यथा तुमच्याविरुद्ध सक्त दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येऊन होणाऱ्या खर्चास व परिणामास तुम्ही सर्वस्वी जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी.’ वाक्यात दरारा आहे, लय आहे, आणि कदाचित खटल्याचा मृत्यूही आहे. कायद्यास हवी असते ती चेकच्या रकमेची मागणी. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सुमन सेठी प्रकरणात सांगितले, की इतर रकमा जोडून मागितल्या तरी चेकची रक्कम वेगळी काढता येत असेल तर नोटीस टिकते. आणि २००३ मध्ये के. आर. इंदिरा प्रकरणात, चेकची रक्कम न मागता केवळ कर्जाची एकंदर रक्कम मागणारी नोटीस टिकली नाही. म्हणून शिक्षक लाल शाईने ‘सक्त’, ‘सर्वस्वी’ आणि ‘ताबडतोब’ खोडतात व समासात लिहितात: चेकचा क्रमांक? तारीख? परतल्याची तारीख? रक्कम वेगळ्या परिच्छेदात मांडा. दुसऱ्या मसुद्यात तेच वाक्य असे येते: ‘सदर चेकची रक्कम रुपये २,५०,०००/- ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावी. उर्वरित येणे रुपये १,३०,०००/- ची मागणी वेगळी असून तिच्यासाठी आमचे अशील स्वतंत्र उपाय योजतील.’ दरारा गेला, आणि नोटीस टिकली.

पहिला मसुदा मुलांना येतो कोठून? अर्जनवीसांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नमुन्यांतून. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘मेहेरबान कोर्टास विनंती’ या शब्दांशी माझे वैर नाही. दरखास्त, कैफियत, रोजनामा, हुकूमनामा हे शब्द काढून टाकले तर जिल्हा न्यायालयातला कारभार मुका होईल. तक्रार आहे ती आशयाच्या जागी साचा भरून देण्याच्या सवयीविषयी. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजी. म्हणजे नागपूरच्या विद्यार्थ्याला न्यायमंदिराच्या इमारतीत एका भाषेत लिहावयाचे आणि तेथून जवळच असलेल्या खंडपीठात दुसऱ्या. आणि महाविद्यालयात यांपैकी एकाही भाषेत परिच्छेद कसा बांधावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीचे भय वाटणारी खेड्यातली मुले मराठीतही साच्यातच लिहितात, यावरून रोग भाषेचा नाही हे उघड आहे. शिवाय हा रोग वकिलांपुरताच आहे असेही नाही: सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भारतीय स्टेट बँक विरुद्ध अजयकुमार सूद या प्रकरणात एका उच्च न्यायालयाचा निवाडा समजतच नाही म्हणून तो परत पाठविला, आणि प्रश्न, नियम, नियमाचे उपयोजन व निष्कर्ष या क्रमाने लिहिण्याची शिफारस केली. न्यायमूर्तींना जो क्रम सांगावा लागला तो पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगण्यात कमीपणा कसला?

सांगण्याची तरतूद कागदोपत्री झालेलीच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार मसुदालेखन व दस्तलेखन हा विषय सक्तीचा आहे. त्यात मसुद्यांचे किमान पंधरा आणि दस्तांचे पंधरा सराव, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे नव्वद, आणि तोंडी परीक्षेचे दहा. एका तुकडीत साठ विद्यार्थी धरले तर तीस सरावांच्या अठराशे वह्या एका शिक्षकाने तपासावयाच्या. एकेकीस दहाच मिनिटे दिली तरी तीनशे तास होतात, आणि वर दाखविलेली नोटीस दहा मिनिटांत तपासून होत नाही. परिणामी अनेक ठिकाणी घडते ते हे, की शिक्षक मसुदा सांगतात, मुले तो सुवाच्य अक्षरात उतरवतात, फाइलीला प्लॅस्टिकचे वेष्टन चढते, आणि बहिःस्थ परीक्षक आतली पाने मोजून गुण देतो. येथे आळशी कोणीच नाही. नियमाने संख्या मागितली आणि संख्या मिळाली.

वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या, २०१६ पासून सुरू झालेल्या संस्थेत विद्यार्थी निवडून येतात आणि पूर्ण वेळ निवासात राहतात, त्यामुळे तेथे प्रबंधलेखनाचा सराव अधिक होत असेल हे साहजिक आहे. खरी निकड आहे ती जुन्या, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या महाविद्यालयांत, जेथे दिवसा नोकरी किंवा दुकान सांभाळून पुष्कळ मुले येतात आणि ज्यांच्यातूनच तालुक्याचे वकील व कनिष्ठ न्यायाधीश पुढे निपजतात. तेथे तीसऐवजी सहाच सराव ठेवावे, पण प्रत्येक सराव दोनदा लिहून घ्यावा, आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावे. पहिला मसुदा विद्यार्थ्यांनी एकमेकांचा तपासावा, विशेषतः उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा मूळ पानावर उघडून. लेखी परीक्षेतला एक प्रश्न ग्रंथालयात बसून, पुस्तके व संगणक उघडे ठेवून, तीन तासांत सोडवू द्यावा. उत्तरासोबत शोधाची टिपणेही जमा करून घ्यावी, आणि शेवटचा निवाडा सापडल्यावर परीक्षार्थीने मूळ कलम पुन्हा उघडले होते की नाही, एवढ्यासाठी निराळे गुण ठेवावे.